तळघरातला तलाव आणि कोच पेटीफर्ड

डेलमार स्ट्रीट हायस्कूलच्या तळघरात पोहायला शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा, कोच पेटीफर्ड तुला पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या. प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल आणि एकही गोड नसेल. मला म्हणाल्या होत्या, "देवाने तुला पाय दिलेत की नुसत्या लोंबणाऱ्या दोऱ्या?" मी रडत काठ धरून बसले. त्यांनी वाकून माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पोटाखाली हात धरला. तो हात त्यांनी कधी काढून घेतला, मला कळलंही नाही.

लोक म्हणतात, ओझेला पेटीफर्डचा स्वभावच रागीट. मला ते पटत नाही. त्यांच्या रागाला जन्मगाव होतं. साउथ कॅरोलायनातल्या एका खेड्यात, छोटी ओझेला आठ-नऊ वर्षांची असताना, कोर्टाने हुकूम काढला की गावचा पोहण्याचा तलाव काळ्या पोरांनाही खुला करा. गावाने तलावात ट्रकच्या ट्रक माती ओतली आणि वर फुलझाडं लावली. गोऱ्यांची पोरंही त्या उन्हाळ्यात कोरडीच राहिली, पण गावाला ते चाललं. ओझेला पोहायचा नवा पोशाख काखेत धरून कुंपणाशी उभी होती. पुढे आईबापांबरोबर उत्तरेला आली, न्यू जर्सीत, न्यूअर्कला चिकटलेल्या आमच्या वेस्ट कॉर्बिनमध्ये. पोहायला शिकली तेव्हा ती कॉलेजात होती, आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी तिला हसत होत्या. मग डेलमारला शिक्षिका म्हणून लागली, आणि तिथे तळघरात तिला हिरव्या फरशीचा, खोकणाऱ्या बॉयलरचा, पण पाण्याने काठोकाठ भरलेला तलाव मिळाला. त्यानंतर ती कुठे गेली नाही. लग्न झालं, मोडलं, डेलमारमध्ये सहा मुख्याध्यापक आले नि गेले. कोच तळघरातच.

आणि मग इमारतीचे वरचे दोन मजले लँटर्नला दिले.

लँटर्न प्रेप ही चार्टर शाळा. पैसा सरकारी, कारभार खाजगी, प्रवेश चिठ्ठ्या काढून. ज्या आयांची चिठ्ठी निघाली त्यांनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष दिली; ज्यांची नाही निघाली त्यांची पोरं डेलमारला, खाली. एकाच गल्लीतली, एकाच पलंगावर झोपणारी मावसभावंडं सकाळी एकत्र चालत यायची आणि दोन वेगळ्या दारांनी आत शिरायची. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर सरहद्द होती. तिच्या वरची भिंत ताजी निळी, खाली आमचे पोपडे. वर काही नवं आलं की त्याचा खोका खाली आमच्या दाराशी टाकलेला असायचा. चार वर्षं आम्ही त्यांची खोकी बघत होतो.

दर सप्टेंबरला कोचच्या हातातून पोरी वर जायच्या. उरल्या पाच. आठांपेक्षा कमी असतील तर संघ धरत नाहीत. जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसातून माणूस आला आणि मोठ्या मायेने सांगून गेला की या हिवाळ्यात संघ उतरला नाही तर तलाव बंद. त्यात काँक्रीट भरून वर लँटर्नच्या पोरांसाठी जेवणघर करायचा विचार आहे. कोचनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर पाण्यातला कचरा काढायची लांब दांड्याची जाळी घेतली आणि स्वच्छ पाण्यावरून फिरवत राहिल्या. आम्ही पोरी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात दाटीवाटीने उभ्या.

"पुन्हा माती," एवढंच त्या म्हणाल्या.

मार्ग एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. राज्याच्या खेळाच्या नियमात आहे की दोन शाळा मिळून एक संघ उतरवू शकतात, दोन्ही मुख्याध्यापकांची हरकत नसेल तर. हे कोचना सांगायचं काम आमचे मुख्याध्यापक मिस्टर टील यांच्यावर आलं. निवृत्तीला टेकलेला, सांध्यांनी दुखावलेला, चांगला माणूस. कोच म्हणाल्या की तुम्हीच जा वर आणि विचारा. त्यावर टील म्हणाले, "मी विचारलं तर ते समिती नेमतील, ओझेला. तू विचारलंस तर घाबरून हो म्हणतील."

कोच वर गेल्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

लँटर्नच्या मुख्याध्यापिका टॉल्मनबाई तिशीच्या, कनेक्टिकटकडच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं कुठेतरी शिकून आलेल्या. लँटर्नमध्ये प्रत्येक पोराला 'विद्वान' म्हणायची पद्धत होती. आमच्या विद्वानांसाठी ही फार मोलाची संधी आहे, असं टॉल्मनबाई म्हणाल्या.

"विद्वान नकोत," कोच म्हणाल्या. "पोरी हव्यात. तीन तरी."

चार मिळाल्या, आणि तेही लगेच. इतकं लगेच की कोच जिना उतरताना पुटपुटत होत्या, यात काहीतरी आहे. होतंच. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या प्रत्येक दाराला लँटर्नच्या नव्या प्रवेशाचं रंगीत पत्रक अडकवलेलं, आणि त्यावर आमचा तलाव. हिरवी फरशी, पाणी, आणि खाली ठळक अक्षरात, 'लँटर्नमध्ये आता पोहणंही.' कोचनी ते पत्रक दुमडून गळक्या नळाच्या तोंडाशी कोंबलं. दोन दिवस टिकलं.

पण पोरी चांगल्या होत्या. त्यातली टायेशा ग्रँडबेरी उताणी पोहायची तेव्हा पाणी कडेला होऊन तिला वाट देतंय असं वाटायचं. तिची आई लोरेन हिचं कोपऱ्यावर केशकर्तनालय. लोरेन स्वतः डेलमारची, कोचच्या हाताखाली पोहलेली. मुलीची चिठ्ठी लँटर्नला निघाली तेव्हा तिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला पीच कॉब्लर, पीच घालून भाजलेला गोड पदार्थ, फुकट खाऊ घातला होता. डेलमारचं नाव निघालं की तिची कात्री जरा जोरात वाजायची.

सराव पहाटे, कारण लँटर्नची शाळा संध्याकाळी पाचपर्यंत चाले. आणि पहाटेनेच घात केला.

लँटर्नच्या दारात रोज सकाळी टॉल्मनबाई स्वतः उभ्या राहायच्या. प्रत्येक पोराशी हात मिळवायचा, नावाने सुप्रभात म्हणायचं, आणि तेवढ्यात वरपासून खालपर्यंत बघून घ्यायचं: शर्ट आत, पट्टा काळा, डोक्यावर काही नाही. टोपी नाही, रुमाल नाही, काही नाही. डोक्याला रुमाल बांधलेला दिसला की उणे गुण. केसांतून पाणी गळून कॉलर भिजली की अव्यवस्थितपणाचे उणे गुण. केस करत बसल्याने उशीर झाला, तर उशिराचे.

रबरी टोपी घातली की केस कोरडे राहतात, हा कधीही न पोहलेल्या माणसांचा समज. आमच्या केसांतून क्लोरिनचं पाणी धुऊन काढायचं, मलम चोळायचं, गुंता सोडवायचा, मग विणायचं. नाहीतर झाडूच्या काड्यांसारखे तुटतात. डेलमारच्या आम्ही पोरी सरळ रुमाल गुंडाळून वर्गात बसायचो, दुपारपर्यंत. आमच्या मास्तरांना आम्ही वर्गात आलोय याचाच आनंद असायचा. लँटर्नच्या पोरींनी रुमाल बांधला तरी मार, सोडला तरी मार.

कोच दुसऱ्यांदा वर गेल्या. या वेळी आवाज जिन्यातून खाली आला, त्यामुळे मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, कोच," टॉल्मनबाई म्हणाल्या.

"नियम सारखा आहे. केस सारखे नाहीत."

"मग काय करायचं? या मुलींकडून कमी अपेक्षा ठेवायची? जगाने आजवर तेच केलंय."

"मिस टॉल्मन, तुम्ही दार उघडायच्या आत या पोरी बर्फातून चालत येऊन मैलभर पोहून झालेल्या असतात. अपेक्षा कमी कोण ठेवतंय?"

टॉल्मनबाईंनी वेळेच्या नियोजनाबद्दल काहीतरी सांगितलं. एकाला सूट दिली की दुसरा मागतो, मग तिसरा, आणि शाळा ढासळते, असंही. खाली ढासळलेली शाळा होतीच, उदाहरण म्हणून. तेवढं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

कोच खाली आल्या त्या कानशिलं तापवूनच. आणि त्या तापात त्यांनी ती चूक केली. टायेशा पाण्यात होती. कोच काठावर उकिडव्या बसल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या की सोड ती शाळा आणि खाली ये. इथे रुमालावरून तुला कुणी छळणार नाही. नाव मी घालते, टीलशी मी बोलते.

टायेशाने घरी जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लोरेन दुकानातला काळा एप्रन तसाच अंगावर ठेवून तळघरात उतरली. केसांचे तुकडे चिकटलेले होते त्याला. मी आरडाओरड्याची वाट बघत होते. तिचा आवाज चढलाच नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तुम्हाला माझी पोरगी नकोय, कोच. आकडा हवाय."

कोचनी तोंड उघडलं. लोरेनने बोट वर केलं, आणि कोच गप्प झाल्या. मी त्याआधी त्यांना कुणासमोर गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

"वरचे लोक दरवर्षी तुमची पोरं पळवतात म्हणून तुम्ही शिव्या घालता. काल तुम्ही काय केलंत? तेच केलंत, जिन्याखाली उभं राहून. टायेशाला भूमिती येते. मला नाही येत. मला कुणी शिकवलीच नाही या शाळेत. वर्षभर बदली मास्तर यायचा आणि टीव्ही लावून झोपायचा. सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेव्हा तुमचा राग कुठे होता, मिस ओझेला? पाण्यात होता?"

आणि ती निघून गेली. जाताना काठावरून जपून चालत गेली, जुन्या सवयीने.

त्या दिवशी कोचनी आम्हाला एक शब्द सुनावला नाही. आम्ही मुद्दाम वाईट पोहून बघितलं. तरी नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर लोरेनच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गरम फणीखाली केसांना येणारा तव्यावरच्या माशासारखा वास, रेडिओवर प्रवचन, आणि त्या प्रवचनावर सगळ्यांची टीका. कोच आत आल्या आणि रेडिओ सोडून सगळं थांबलं. त्या सरळ रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"वीण," म्हणाल्या.

लोरेनने त्यांच्या डोक्याकडे बघितलं. कोचचे केस पुरुषासारखे कापलेले, पांढरे, नखाएवढे.

"हे विणायचं? हे तर मला चिमटीतही धरता येत नाही."

"मग नुसता हात लाव. तोंडाकडे बघत मला बोलता येणार नाही."

लोरेनने तेल घेतलं आणि त्यांच्या डोक्याला चोळायला लागली. आरशात दोघींची तोंडं दिसत होती. कोचनी डोळे मिटले आणि म्हणाल्या की भूमितीचं मला ठाऊक होतं. एक दिवस त्या वर्गाच्या दारावरून गेले, टीव्ही बघितला, आणि खाली निघून आले. माझं पाणी चालू होतं ना.

दुकानात कुणी 'हो' म्हणालं नाही, 'असू दे' म्हणालं नाही. असू दे म्हणण्यासारखं नव्हतंच ते.

आणखी थोडं तेल हातावर घेत लोरेन म्हणाली, "पोरींना अर्धा तास आधी पाण्याबाहेर काढा. बाकीचं मी बघते."

कोच खुर्चीत ताठ झाल्या. अर्धा तास म्हणजे निम्मा सराव. अर्ध्या तासात काय होतं माहीत आहे का तुला, त्या सुरू झाल्या. लोरेनने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून परत पुढे वळवलं.

"हलू नका."

अर्धा तास मिळाला.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी लोरेन आणि तिच्या दुकानातल्या दोघी आम्हा नऊही जणींच्या डोक्याला बिलगून बारीक वेण्या घालायच्या, डेलमारच्या पोरींच्याही, आणि पहाटे लोरेन तळघरात यायची. दुकानातली केस वाळवायची जुनी यंत्रं, उलट्या बादल्यांसारखी, तिने कपडे बदलायच्या खोलीत आणून लावली. टीलसाहेबांनी विजेचा बोर्ड बघून डोळे मिटून घेतले. आम्ही आळीपाळीने त्या बादल्यांखाली बसायचो. त्याआधी महिनाभर वरच्या पोरी एका बाकावर, खालच्या दुसऱ्या. आता यंत्रं दोनच होती म्हटल्यावर बाकांची वाटणी मोडली.

"ए विद्वान, मलम दे इकडे."

"तळघर, तुला हात आहेत ना?"

"आहेत, पण विद्वानाने दिलेलं मलम लावलं की भूमिती येते म्हणे."

टायेशा हसली आणि मलमाची डबी तिने फेकली. खरंच फेकली, मागणारीच्या कपाळावर. त्यानंतर मैत्री झाली.

लँटर्नच्या पोरी कोरड्या डोक्याने, रुमालाविना, वेळेवर वर जायला लागल्या. कोच घड्याळ बघून चडफडायच्या, पण काढायच्या आम्हाला बाहेर. मला वाटलं, निभलं.

जानेवारीत, जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आठवड्यात, लँटर्नने जुना हिशेब काढला. नोव्हेंबरपासूनचे रुमालाचे, कॉलरचे, उशिराचे उणे गुण तसेच उभे होते. ज्यांचे फार साचले त्यांना खेळ बंद. खेळ हा हक्क नाही, कमवायचा मान आहे, असं टॉल्मनबाईंनी कळवलं. चारपैकी तिघी गेल्या, टायेशासकट. उरलो सहा. म्हणजे संघ नाही, म्हणजे तलाव नाही.

मला आजही तो निरोप आठवला की दात आवळले जातात. ज्या पोरींनी केसन् केस बसवून नियम पाळायला सुरुवात केली, त्यांना नियम न पाळता येण्याच्या दिवसांबद्दल शिक्षा. आणि ती कधी, तर पोहायच्या चार दिवस आधी.

कोचनी शिट्टी गळ्यातून काढून हूकला अडकवली आणि जिन्याकडे निघाल्या. शिट्टी काढून ठेवली म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं. पहिल्याच पायरीवर लोरेन आडवी उभी राहिली.

"तुम्ही वर गेलात तर हे भांडण तुमचं होईल. उद्या ते म्हणतील, खालची चिडकी बाई वर येऊन ओरडून गेली. ही शाळा आम्ही निवडली, कोच. पोरी आमच्या आहेत. तुम्ही इथे थांबा आणि तोंड मिटून ठेवा."

"कुठवर?"

"जमेल तिथवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लँटर्नच्या दारात नेहमीची रांग होती. पण रांगेत पोरांच्या आधी आया उभ्या होत्या. थंडीत तोंडातून वाफा निघत होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याला रुमाल. रात्रीचे रेशमी, रविवारचे फुलांचे, एकीचा तर स्वयंपाकघरातला. मी खालच्या दाराशी, पदपथावर, ओल्या डोक्याने उभी होते.

टॉल्मनबाईंनी हात पुढे केला होताच, रोजची सवय. लोरेनने तो धरला आणि सोडला नाही.

"सुप्रभात, मिस टॉल्मन. पालकांनी कधीही शाळेत यावं असं तुम्हीच म्हणाला होतात. आत येऊ?"

"अर्थात, पण—"

"डोक्यावरचं काढायचं ना?"

आणि तिने एका हाताने रुमाल ओढला. वस्तीतली सर्वांत नीटस डोकी बनवणारी बाई, आणि तिचे स्वतःचे केस अर्धे विणलेले, अर्धे सोडलेले, पिंजलेल्या कापसासारखे उभे. टॉल्मनबाईंची नजर खाली गेली.

"खाली नका बघू. रोज पोरींचं बघता तसं बघा, वरून खालपर्यंत. हे एवढं सगळं पाण्यातून आल्यावर परत बसवायचं असतं, रोज, तुमची घंटा व्हायच्या आत. आम्ही ते करून दाखवलं. शिक्षा कशाची देताय?"

ती आत गेली. मागच्या आयांनी एकेक करून हात मिळवला, सुप्रभात म्हटलं, रुमाल काढला. कुणाचे रोलर, कुणाची पांढरी विरळ बट, कुणाची टक्कल पडत चाललेली भांगरेषा. मिसेस ओकलीचे केस औषधांनी सगळे गेले होते. तिने रुमाल काढला नाही. हात मिळवला आणि तशीच उभी राहिली. टॉल्मनबाई तिला, "आत या ना, मॅडम," म्हणाल्या, आणि स्वतः दार धरून उभ्या राहिल्या.

कोच हा सगळा वेळ तळघरात जाळी फिरवत होत्या. तोंड मिटून. पहिल्या तासाच्या मध्यावर जिन्यात टाचांचा आवाज आला. टॉल्मनबाई खाली उतरून आल्या. एकट्या.

"बूट," कोच म्हणाल्या.

टॉल्मनबाईंनी बूट काढले आणि पायमोज्यांनी ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या. रुमालाचा नियम खेळाडूंपुरता शिथिल करते, मागचे उणे गुण पुसते, तिघीही पोहतील, असं त्यांनी सांगितलं. कोचनी आभार मानले नाहीत. तुमच्या विश्वस्तांना सांगा माझा तलाव सोडा, एवढंच म्हणाल्या.

"ते माझ्या हातात नाही."

"तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"जेवणघर," टॉल्मनबाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला. "आमची मुलं वर्गात फरशीवर बसून जेवतात, कोच. चार वर्षं. गार झालेलं. मी किती वेळा मागितलं, कुणाकडे मागितलं, तुम्हाला कल्पना नाही. राग काय फक्त तुम्हालाच येतो?"

कोच जाळीच्या दांड्यावर रेलून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागचं सुतारकामाचं दालन वर्षानुवर्षं बंद आहे. खिडक्या आहेत. नळ आहे. तिथे जेवा."

"ते डेलमारचं आहे."

"मग मागा. मी आले होते ना वर? तसं या आणि मागा."

टीलसाहेब नाही म्हणाले. चांगला माणूस, पण एक खोली दिली की दुसरी जाते हे तो चार वर्षं बघत होता, आणि चुकीचं बघत नव्हता. त्या दालनात धूळ, कोळ्यांची जाळी आणि एक मोडकं रंधायंत्र सोडून काही नव्हतं, तरी नाही. कोचनी त्यांच्या ऑफिसचं दार लावून घेतलं. आत काय झालं ते टीलनी कधी सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा दालनाची किल्ली टॉल्मनबाईंच्या हातात दिली आणि डोकेदुखीची गोळी मागितली.

स्पर्धेत आमचा संघ नऊ संघांत सहावा आला. टायेशा उताण्या पोहण्यात दुसरी. कोच म्हणाल्या, अर्धा तास दिला असता तर पहिली आली असती, आणि लोरेनकडे बघून म्हणाल्या.

वसंतात शिक्षण ऑफिसची समिती बघायला आली, तलाव ठेवायचा की बुजवायचा. निकाल महिन्याने आला: एक वर्ष राहू द्या, मग बघू. त्यानंतर दर वर्षी 'मग बघू'च येत राहिलं, आणि दर वर्षी कोच कानशिलं तापवून ऑफिसात जाऊन भांडायच्या. निवृत्त झाल्या तरी अजून जातात, शिट्टी गळ्यात घालून. लँटर्नबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. टीव्हीवाल्या मास्तराचा विषय मात्र त्या स्वतः काढतात, नव्या शिक्षकांसमोर, नको त्या वेळी.

पण मला समितीची ती सकाळ सांगायची आहे. पहाटे तीन पाहुणे तळघरात आले. टॉल्मनबाई आणि टील दोन बाजूंनी त्यांना समजावत होते. सहकार्य, सामायिक जागा, परस्परविश्वास. दोघंही एकच वाक्य थोडं वेगळं करून बोलत होते. कोच पाण्याच्या कडेला गप्प उभ्या होत्या, कारण त्यांना लोरेनने आज बोलायचं नाही असं बजावलं होतं. पाहुण्यांतला जाड भिंगांचा गृहस्थ कपडे बदलायच्या खोलीत डोकावला. आत यंत्रं घोंघावत होती, आणि खिडकीशी लोरेन, फणी दातात धरून, टायेशाची सुटलेली वेणी पुन्हा घालत होती.

त्याने मोठ्या अदबीने विचारलं की मॅडम, दोन शाळा इतक्या वर्षांनी एकत्र कशा आल्या, याचं रहस्य आपल्या मते काय?

लोरेनने मान वर केली नाही. फणी दातातून काढली.

"जरा बाजूला व्हा, साहेब. उजेड अडतोय."

तो डावीकडे सरकला.

"तिथेही अडतोय."

तो आणखी सरकत जाऊन भिंतीला चिकटला, कोटाला ओल लागली तरी. लोरेनने टायेशाचं डोकं उजेडाकडे वळवलं, बट पकडली आणि दाराकडे न बघता हाक मारली, "पुढची कोण? अजून दोघी राहिल्यात, आणि घंटा व्हायला आली."